चौपाटीवरचं दसऱ्याचं धुणं

बाळांनो, मोठीने तुमच्या शहरावर शाळेसाठी जे लिहिलं ते तुमच्या बाबाने मला पाठवलं. वाचलं. शहर समुद्रकाठी आहे, किनारा स्वच्छ आहे, कुत्री कुठे फिरवायची आणि कुठे नाही याच्या पाट्या आहेत, कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे आहेत, आणि शहराचा कारभार एक कौन्सिल पाहते. तिच्या सभेला कोणीही जाऊन मागे बसू शकतं. शेवटी मोठीने लिहिलंय की आजीच्या गावाची अशीच माहिती मिळाली तर ती दोन्हींची तुलना करील. आणि धाकट्याने फोनवर विचारलं, "आजी, तुमचा बीच कुठे आहे?"

त्याला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, कारण दाराशी कचऱ्याची घंटागाडी आली होती आणि ती थांबत नाही, गाणं म्हणत नुसती पुढे जाते. तिच्यामागे बादली घेऊन धावावं लागतं. आता सवडीने लिहिते. बाबा वाचून दाखवील. त्याने मधलं काही गाळलं तर मला कळवा. त्याला लहानपणापासून धडे गाळायची सवय आहे.

तर बीच. आहे.

आमचं तालुक्याचं गाव नांदेड आणि लातूर यांच्या मध्ये येतं. अहमदपूरकडे जाणाऱ्या एसटीत बसलं, की झोप लागायच्या आत गाव मागे पडतं. समुद्र इथून इतका लांब, की गावातल्या निम्म्या लोकांनी तो लग्नानंतर पाहिला आणि उरलेल्यांनी टीव्हीवर. तरी आम्हाला चौपाटी आहे. भेळेच्या दोन गाड्या जिथे रोज संध्याकाळी उभ्या राहतात ती चौपाटी, अशी आमच्याकडे व्याख्या आहे. बऱ्याच गावांची चौपाटी एसटी स्टँडच्या भिंतीला लागून असते. आमचं नशीब चांगलं, आमच्या गाड्या तळ्याच्या कडेला उभ्या राहतात. तळं निजामाच्या काळातलं. पावसाळ्यानंतर तुडुंब, वैशाखात म्हशीच्या पोटापर्यंत. तीन बाजूंना काळी माती, पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. चौथ्या बाजूला दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर बायकांची कपडे आपटायची मोठी काळी दगडं. गावाची सगळी गटारं पलीकडच्या टोकाने याच तळ्यात येतात. मोठी विचारील, साबण तळ्यात जातो का? जातो, बाळा. त्या गटारांपुढे आमचा साबण म्हणजे गंगाजळ.

आता कारभार. हा भाग मोठीने फार नीट लिहिलाय, म्हणून मीही क्रमाने सांगते. माझं शिक्षण हैदराबादला मिशनच्या शाळेत इंग्रजीतून झालं. तिथे आम्हाला आधी समास आखायला लावत आणि मग अक्षर काढायला. या गावात आले त्याला आयुष्य लोटलं, पण समास अजून सुटत नाही.

गावाला नगरपरिषद आहे. गावाचे प्रभाग पाडलेत, प्रभागातून नगरसेवक निवडून येतात, नगराध्यक्षाला लोक थेट मत देतात, आणि सरकारने पाठवलेला एक मुख्याधिकारी असतो. सह्या तो करतो, त्यामुळे सगळे त्याच्यावर चिडलेले असतात आणि सगळे त्याच्याच खोलीत चहा पितात. मधली काही वर्षं निवडणूकच झाली नव्हती. नगरसेवक नव्हतेच, नुसता प्रशासक होता. मोठी म्हणेल, मग गाव कसं चाललं? आधी चालत होतं तसंच चाललं. ही गोष्ट लोकांच्या ध्यानात येऊ लागली, म्हणून बहुधा निवडणूक घेतली.

त्या निवडणुकीत आमचा प्रभाग बाईसाठी राखीव निघाला. सोडतीची बातमी आली त्या दिवशी तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, जेवण टाकलं. पांढरे कपडे शिवून ते किती वर्षं तयार बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आठवलं, की आपल्या घरात एक बाई आहे.

ती बाई म्हणजे तुमची धाकटी आजी, माझी जाऊ. आमची घरं एकाच भिंतीला लागून आहेत, त्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू येतं. तसं ते पुढच्या गल्लीतही ऐकू जातं. शेतात मजूर कमी पडले तर ती स्वतः सोयाबीन काढायला उतरते आणि वरून मजुरांना गाणी म्हणायला लावते. निवडणुकीला उभी राहा म्हटल्यावर तिने एवढंच विचारलं, "दुपारी झोपता येईल का?" येईल म्हटल्यावर हो म्हणाली.

फलक लागले. त्यावर दीर कमरेपासून वर, हात जोडलेले, मागे उगवता सूर्य. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी धाकटी आजी, डोक्यावर पदर आणि 'आटपा लवकर' असा चेहरा. ती निवडून आली आणि हार त्यांना घातले. तेव्हापासून लोक दिरांना नगरसेवक म्हणतात आणि तिला नगरसेवकाची बायको. दीर सकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत जाऊन बसतात आणि दुपारी 'वॉर्डातली कामं' करून दमून येतात. सभागृहात मात्र कायद्याने तिलाच जावं लागतं. तेव्हा दीर बाहेर व्हरांड्यात, खिडकीशी. पहिल्या सभेआधी त्यांनी तिला शिकवून पाठवलं: बाजूच्या बायका हात वर करतील तेव्हा आपणही करायचा.

"सोपं हाय अक्का," ती मला परत आल्यावर म्हणाली. "शाळंत हात वर केला तर मास्तर वळ उठवायचा. हितं चहा-बिस्कुट देतात."

अशाच एका सभेत तळ्याच्या सुशोभीकरणाचा ठराव आला. हात वर झाले. चहा आला.

काम मात्र खरंच झालं. गावाला त्याचाच धक्का बसला. पायऱ्यांवर गुळगुळीत, चकाकणाऱ्या फरशा बसवल्या. काठाने स्टीलचा कठडा आला आणि त्याला मोठं फाटक. कपडे आपटायची दगडं यंत्राने उचलून कडेला नेली, तिथे गवताचा एक गोल केला, आणि दगडं त्या गोलाभोवती शोभेला मांडली. गोलाच्या मध्ये लाल बदामाचा आकार आणि गावाचं नाव, पुढे उभं राहून फोटो काढायला. चौपाटी आधीपासून होती, आता तिच्याखाली किनाराही आला. भेळवाल्याने गाडीला रंग दिला.

आणि काम संपलं नेमकं पितृपंधरवड्याच्या तोंडावर.

बाळांनो, तुमच्या कौन्सिलला हे संकट माहीत नसेल. पितृपंधरवडा म्हणजे भाद्रपदातले ते दिवस, जेव्हा घरोघरी आपले वारलेले लोक जेवायला बोलावतात. त्या दिवसांत कोणी नवी गाडी घेत नाही, सोयरीक जमवत नाही आणि फीत तर मुळीच कापत नाही. मुंबईहून येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांनी उद्घाटनाची तारीख दिली ती पंधरवडा संपल्यावरची, थेट घटस्थापनेच्या सकाळची. तोवर फाटकाला लाल फीत, फितीमागे कुलूप आणि कुलपापाशी खुर्ची टाकून वॉचमन.

मुहूर्त अगदी योग्य होता. सगळ्या सभागृहात एवढीच गोष्ट कोणाला आठवली नाही, की त्याच दिवसांत गाव दसरा काढतं.

दसरा काढणं म्हणजे घट बसायच्या आत घरातली प्रत्येक चिंधी धुऊन काढणं. गोधड्या, वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, माळ्यावरची सतरंजी, सासऱ्यांचा मफलर. मग भांडी, मग भिंती. दसरा निघाला नाही तर घट बसत नाही. पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात धान्य, मधे पाण्याचा घट आणि त्याच्याभोवती नऊ दिवस कडक उपास, हे सगळं धुतलेल्या घरात व्हायला हवं. मी स्वतः देवीला फार त्रास देत नाही, तीही मला देत नाही. पण धाकटी आजी या घरात नवरी म्हणून आली तेव्हापासून तिचा घट एकदाही चुकलेला नाही. त्या एका गोष्टीत ती थट्टा करत नाही आणि करूही देत नाही. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी येतं, ते पिण्यालाच पुरत नाही. गोधड्या तळ्यावरच धुवाव्या लागतात.

म्हणून द्वादशीच्या सकाळी बायका गाठोडी घेऊन तळ्यावर गेल्या आणि तशाच परत आल्या. त्या आपापल्या घरी गेल्या नाहीत, नगरसेविकेच्या घरी आल्या. ओट्यावर गोधड्यांचा ढीग पडला. मी माझ्या दारातून पाहत होते.

"कुलूप कामून लावलं वो?" पलीकडच्या गल्लीतली ठसकेबाज म्हातारी म्हणाली.

"उद्घाटन व्हायचंय, मावशी," धाकटी आजी म्हणाली.

"मग करा की."

"पित्तरं चालू हायेत."

"मग आमी काय गोधड्या शिमग्याला धुवाव्या का?"

दुसरी म्हणाली, "माझं काय म्हणणं न्हाई, बाई. पण हात तूच वर केला म्हणं."

"म्या?" धाकटी आजी म्हणाली. आणि घरात तोंड करून ओरडली, "अवो! त्या तळ्याच्या टायमाला म्या हात वर केला होता का?"

दीर आरशासमोर टोपी घालत होते. "एकमताने मंजूर झालाय ठराव," ते अभिमानाने म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे तू पण."

धाकटी आजीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. म्हातारी उठता उठता म्हणाली, "लई चांगली चौपाटी झाली पर. आता घट बी तिथंच बसीव, त्या बदामात." बायका हसल्या. गाठोडी उचलून गेल्या. धाकटी आजी तिच्या स्वतःच्या गोधड्यांच्या ढिगाजवळ तशीच बसून राहिली.

मी सुशिक्षित असल्यामुळे मला लगेच उपाय सुचला. माझ्याकडे कपडे धुवायचं यंत्र आहे, तुमच्याच बाबाने घेऊन दिलेलं. पिंपातलं पाणी ओतून आम्ही त्यात एक गोधडी घातली. कोरडी असताना ती गोधडी होती, भिजल्यावर म्हैस झाली. यंत्राने दोनदा कण्हून पाहिलं, मग ते थरथरत न्हाणीघरातून निघालं आणि दारापर्यंत चालत येऊन बंद पडलं. अजून बंदच आहे. हे वाक्य बाबा गाळील, म्हणून पुन्हा लिहिते: अजून बंदच आहे.

धाकटी आजी भिंतीला टेकून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "अक्का, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हाई. घट कसा बसवू सांगा. मळक्या घरात बसवू का? का यंदा बसवूच नको?" ती उठली. "चला. साहेबाकडं जाऊ. तुमी जरा इंग्रजी फेका."

नगरपरिषदेची इमारत पिवळी आहे आणि जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या फरशा बसवल्या आहेत, लोकांनी थुंकू नये म्हणून. लोक आता देवांच्या जरा बाजूला थुंकतात. मुख्याधिकारी तरुण, पुण्याकडचे, केस नीट विंचरलेले आणि डोळे झोप न झालेले. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत दीर चहा पीत होते.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतला? मी आहे ना इथे," ते म्हणाले.

"तुम्ही आहात म्हणूनच," मी म्हटलं.

मग मी साहेबांना माझ्या शाळेला शोभेल असं इंग्रजी ऐकवलं. सार्वजनिक सोय, नागरिकांचा हक्क, स्त्रियांची गैरसोय, सगळं योग्य क्रमाने. त्यांनी मन लावून ऐकलं आणि माझ्याहून चांगल्या इंग्रजीत, फार सभ्यपणे उत्तर दिलं.

"काय म्हणले?" धाकटी आजी कुजबुजली.

"नाही म्हणाले."

"एवढा येळ?"

साहेब मराठीत म्हणाले, "ताई, माझा नाइलाज आहे. लोकार्पणाआधी लोकांना आत सोडलं आणि काही तुटलं-फुटलं, तर पाहुण्यांसमोर मी काय सांगू?"

दीर म्हणाले, "बरोबर आहे साहेबांचं. वरून मोठी माणसं येणार आहेत. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे." आणि बायकोकडे पाहून, "तुला ना, काही म्हणजे काही कळत नाही."

"न्हाई कळत," धाकटी आजी म्हणाली. "पर साहेब, एक इचारू का? त्या पायऱ्या पुसणार कोण?"

साहेबांनी मान वर केली.

"सिमेट सांडलंय समदीकडं. बगळ्यांनी कठडा पांढरा केलाय. त्या बदामावर तर कुत्रं..." ती थांबली. "जाऊ द्या. पाहुणे फीत कापून आत येतील, तवा त्यांच्या धोतराला काय काय लागंल?"

साहेबांच्या कपाळावर आठी आली. सफाईची सगळी माणसं पाहुण्यांच्या रस्त्यावर दुभाजक रंगवण्यात गुंतली होती, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. "माणसं नाहीत माझ्याकडे," ते खरं ते बोलून गेले.

"बाया देते की मी," धाकटी आजी म्हणाली. "आमच्या प्रभागातल्या. घासून-पुसून लख्ख करतेल. साबण-पाणी आमचं. तुमी फक्त फाटक उघडा."

दिरांची छाती फुगली. "बघा साहेब! याला म्हणतात श्रमदान. माझ्या वॉर्डात पहिल्यापासून अशी प्रथा आहे."

अशी प्रथा कुठेही नाही. पण साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी वॉचमनला फोन लावला आणि आम्हाला विचारलं, "किल्ली कोणाकडे द्यायला सांगू?" दिरांनी हात पुढे केला.

"त्यांच्याकडं कशाला?" धाकटी आजी म्हणाली. "ते काय पायऱ्या घासणार हायेत?"

जिना उतरताना मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत गंभीरपणे चालत होती, फक्त गालावर खळी पडली होती. "साबण-पाणी आमचं, म्हणालीस," मी म्हटलं. "गोधड्यांचं काही बोलली नाहीस."

"त्यांनी इचारलं न्हाई," ती म्हणाली.

अमावस्येच्या आदल्या सकाळी फाटक उघडलं. फितीला कोणी हात लावला नाही, सगळ्या बायका गाठोडी डोक्यावर घेऊन तिच्याखालून वाकून आत गेल्या. म्हातारी म्हणाली, "देवीच्या देवळात बी एवढं वाकत न्हाई मी." दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी आधी पायऱ्या घासल्या. सिमेंट खरवडलं, कठडा पुसला, बदाम धुतला. मग त्याच साबणात गोधड्या भिजवल्या.

आणि तिथेच घोटाळा समजला. त्या चकाकत्या फरशीवर पाणी पडलं की उभं राहता येत नव्हतं. पहिली बाई बसल्या बसल्या तिसऱ्या पायरीवरून तळ्यात गेली, गुडघाभर पाण्यात उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं माय, घसरगुंडी बी केली का नगरपालिकेनं?" आपटायला तर काहीच नव्हतं. फरशीवर गोधडी आपटली की गोधडीच पुढे पळे आणि तिच्यामागे बाई.

"दगडं कुठायत आपली?" म्हातारीने विचारलं.

दगडं बदामाभोवती होती, पांढऱ्या रंगाने रंगवलेली. यंत्राने नेलेली दगडं हातांनी परत येणार नव्हती, म्हणून धुणंच दगडांकडे नेलं. पायऱ्यांवरून बादल्यांची रांग लागली आणि फोटो काढायच्या त्या गोलात गोधड्यांचे फटके सुरू झाले. मला काठी घेऊन एका दगडावर बसवलं होतं. "अक्का, तुमी ध्यान ठेवा. साहेब आले तर इंग्रजी बोला, न्हाई कळालं तरी गुंतून राहतील."

दुपार कलायच्या आत सगळा कठडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गोधड्यांनी भरला. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, शाळेच्या गणवेशांचे तुकडे जोडलेल्या त्या गोधड्या. फाटकावर सतरंज्या. बदामाच्या दोन्ही फुगीर भागांवर एकेक उशीचा अभ्रा. तुमच्या किनाऱ्याचे फोटो मी पाहिलेत, त्यावर रंगीत छत्र्या असतात. आमच्या किनाऱ्यापुढे त्या फिक्या आहेत.

तेव्हाच गाडी आली. परवाच्या उद्घाटनाची तयारी पाहायला मुख्याधिकारी, आणि वाट दाखवायला शेजारी दीर.

दीर उतरले आणि उभेच राहिले. "अगं, हे काय करून राहिली तू!"

"पायऱ्या धुवून राहिले," धाकटी आजी कंबरेला पदर खोचलेली, कोपरापर्यंत फेस.

"आणि हे? ह्या वाकळा?"

"पायऱ्या पुसायला फडकी लागतेत का न्हाई?"

"एवढी?"

"पायऱ्या बी लई हायेत."

साहेब कठड्यापाशी गेले. एक गोधडी उचलून खालचं स्टील पाहिलं. त्यात त्यांना आपला चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी नकळत केसांवरून हात फिरवला. पायऱ्या पाहायला म्हणून एक पाय खाली टाकला, तो निसटला, आणि म्हातारीने त्यांचा दंड धरला म्हणून बरं. "हळू, लेकरा," ती म्हणाली. "आमी समद्या एकेकदा जाऊन आलोत."

साहेब सावरून वर आले. फरशीकडे बराच वेळ पाहिलं. परवा याच पायऱ्यांवरून पाहुणे पाण्याची पूजा करायला उतरणार होते, आणि त्यांचं वजन आमच्या कोणाहीपेक्षा जास्त होतं.

"हे सगळं वाळेल कधी?" त्यांनी विचारलं.

"दिवस मावळायच्या आत उचलते. पाहुण्यांना वरूनच पूजा करायला लावा, खाली नका नेऊ," धाकटी आजी म्हणाली. "आन् साहेब, आमची दगडं परत पायऱ्यावर लावून द्या. बदामाला काय, इटा लावल्या तरी त्यो बदामच राहील."

"तसा सभेत ठराव लागेल, ताई."

"ठराव म्हंजे हात वर करायचा, त्योच ना?"

असं म्हणून तिने हात वर केला. मी मागे वळून पाहते तर सगळ्या बायकांचे हात वर, फेस गळतोय. म्हातारीने तर दोन्ही केले. साहेब घाईने म्हणाले, "इथे नाही, इथे नाही! सभेत." पण हसू त्यांना आवरलं नाही. दीर तेवढे गाडीत जाऊन बसले.

घटस्थापनेला पाहुणे आले, उशिरा. फीत कापली, वरूनच फुलं टाकली, बदामासमोर फोटो काढला. धाकटी आजी तिथे नव्हती. तिच्या घरी त्याच वेळी घट बसत होता. सगळं घर उन्हाच्या आणि साबणाच्या वासाचं. तिने मातीत गहू पेरले, घटाला नाडा बांधला, आणि मग मला म्हणाली, "बसला बाई एकदाचा. अक्का, आता कापा म्हणावं काय कापायचं ते." दिरांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, पाहुण्यांच्या मागे अर्धा कान.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेला मी गेले. मोठीच्या कौन्सिलमध्ये कोणीही मागे जाऊन बसतं, तर मी का नाही? शिपायाने विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोणी नको, बसायचंय." तो गोंधळला, आणि काय करावं न कळून त्याने मला चहा आणून दिला. बाहेर खिडकीशी दीर होतेच.

विषय होता चौपाटीवर रंगीत दिवे लावण्याचा. हात वर झाले. नगराध्यक्षांनी 'एकमताने' एवढं म्हटलं आणि थांबले. एक हात खाली होता.

"ताई, हात," ते म्हणाले.

"दगडं," धाकटी आजी म्हणाली.

खिडकीतून खाकरणं ऐकू आलं. तिने तिकडे पाहिलं नाही. "दगडं पायऱ्यावर आली की दिव्याला हात वर करते. आन् पायऱ्यावरची ती गुळगुळीत फरशी काढा, न्हाई तर एखादा दिवस साहेबच सापडत्याल तळ्यात." शेजारच्या बाईने, जिला पाहून ही आजवर हात वर करायला शिकली होती, आपला हात हळूच खाली घेतला. मग तिच्या शेजारचीने. नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्यांकडे पाहू लागले आणि मुख्याधिकारी पंख्याकडे. शेवटी दिव्यांच्या ठरावात दगड आणि खडबडीत फरशी घातली, आणि मग तो एकमताने मंजूर झाला.

दगडं परत आलीत. भेळेच्या गाड्यांच्या मागच्या टोकाला, थोड्या पायऱ्यांवर, अजून पांढऱ्या रंगाची. सकाळी तिथे धुणं आणि संध्याकाळी भेळ. दिवे अजून लागायचेत. फाटकाची किल्ली वॉचमनने मागितली तेव्हा धाकटी आजी म्हणाली, देते की, आणि ती अजून तिच्याकडेच आहे.

तर मोठीच्या तुलनेसाठी एवढं पुरेल. तुमच्याकडे समुद्र मोठा आहे. सभेत मागे बसायची सोय दोन्हीकडे आहे, पण चहा आमच्याकडेच मिळतो.

एवढं लिहून होतं तोच भिंतीपलीकडून हाक आली, "अक्का, रिकाम्या हाव का? साहेबाकडं जायचंय, नळाच्या पाण्याचं बोलायला. ह्यांना घरी बसवलंय, तुमी चला संगट." मी म्हटलं, आले, चष्मा घेते. तर म्हणते, "चष्मा घ्या. इंग्रजी घरीच राहू द्या."